नावाड्याचा हात

धाकटीने दादाच्या खांद्यावर राखाडी ब्लँकेट टाकलं, त्याची घडी मानेजवळ चिमटीने उचलून नीट बसवली आणि फरशी पुसायचा दांडा त्याच्या उजव्या हातात दिला.

"हे वल्हं?" दादाने दांड्याकडे संशयाने पाहत विचारलं.

"वल्हंच. आणि चेहरा जरा गंभीर कर. धुकं आहे, नदी मोठी आहे, आणि मागे बसलेल्या माणसाला तुला पलीकडे न्यायचंय."

"परत आणायचंय का त्याला?"

"नाही."

"मग निम्मं काम सोपं," दादा म्हणाला आणि स्टुलावर ऐसपैस बसला.

धाकटी व्हिडिओ-खेळांमधली पात्रं काढायची. कागदावर नव्हे, संगणकावर. आधी संगणकातला एक तयार बाहुला घ्यायचा, त्याचे हातपाय हवे तसे वाकवायचे, त्याच्यावर उजेड सोडायचा, सावली कुठे पडते ते पाहायचं आणि मग त्यावर चित्र रंगवायचं. या बाहुल्याचं नाव तिने ठोंब्या ठेवलं होतं. ठोंब्या सांगाल तसा बसायचा, तक्रार करायचा नाही, पण त्याला वजनच नव्हतं. खुर्चीवर बसवला तरी खुर्चीला पत्ता लागायचा नाही. या नावाड्याचं पहिलं चित्र तिने ठोंब्यावरूनच केलं होतं, आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या कलाप्रमुख बाईंनी ते एका वाक्यात परत पाठवलं होतं, की हा माणूस बसलेला नाही, ठेवलेला आहे.

असं झालं की घरच्यांची पाळी यायची. वहिनी आजवर तीनदा चेटकीण झाली होती. तिसऱ्या वेळी "माझ्यात नेमकं काय दिसतं गं तुला?" असं विचारून तिने त्या कामाचा राजीनामा दिला होता. धाकटीचा नवरा प्रेत म्हणून फार शोभायचा. त्याला जमिनीवर आडवं व्हायला सांगितलं की तो खरोखरच झोपी जायचा, आणि त्याच्याइतकं स्थिर मॉडेल तिला दुसरं मिळालं नव्हतं. दादा मात्र आजवर निसटत आला होता. आज सुट्टीचा दिवस, वहिनीसकट तो जेवायला आला होता आणि तावडीत सापडला होता.

"हा डावा हात मोकळा सोड. गुडघ्यावर. अगदी सैल," धाकटी म्हणाली. "आता हलू नकोस. मी तुझ्याभोवती फिरणार आहे."

"मी दिवसभर बसूनच असतो. मला काय सांगतेस?"

ते खरंच होतं. दादा टॉवर क्रेन चालवायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गल्लीपलीकडची जी अर्धवट इमारत दिसायची, तिच्या डोक्यावरच्या पिवळ्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये तो सकाळी चढायचा तो संध्याकाळी उतरायचा. धाकटीचा नवरा त्याच साइटवर, त्याच क्रेनच्या पायथ्याशी उभा राहून वॉकीटॉकीवरून आणि हातांच्या खुणांनी त्याला सांगायचा, लोड कुठे उचलायचा, कुठे टेकवायचा. लग्न ठरलं तेव्हा दादा त्याला थट्टेने 'जावईबापू' म्हणू लागला. साइटवरच्या लोकांनी त्यातला जावई गाळला, आणि आता सगळं जग त्याला बापूच म्हणायचं.

धाकटी फोन डोळ्यांसमोर धरून फिरू लागली. एक फेरी डोक्याच्या उंचीवरून, एक छातीच्या, एक गुडघ्याच्या. फोन भराभर फोटो काढत होता. हे फोटो पुढे संगणक एकमेकांना जोडतो आणि माणूस उभा करतो, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असा. अट एकच, माणसाने हलायचं नाही. जे हलतं ते यंत्राला समजत नाही. पडदा वाऱ्याने हलला की त्याचा चिखल होतो, आणि मध्येच मांजर आलं तर मांजराच्या जागी शेपटीचं ढेकूळ मिळतं.

वहिनी चहा घेऊन आली. दादाच्या कपात चहा अर्धाच होता.

"वहिनी, माझ्या घरात माझ्या भावाला अर्धा कप? एवढी काटकसर?"

"वन्सं, तुम्ही तुमचं चित्र काढा," वहिनी हसून म्हणाली आणि कप दादाच्या हातात न देता शेजारच्या टेबलावर ठेवला. "निवला की घेतील ते."

संगणकात दादा हळूहळू तयार झाला. आधी ठिपक्यांचा ढग, मग मातीचा पुतळा असावा तसा राखाडी आकार, मग त्यावर रंग चढला. धाकटी खूश झाली. मानेवरच्या सुरकुत्या, कानाची पाळी, शर्टाच्या कॉलरची मोडलेली कड, सगळं जिथल्या तिथे होतं. उजवा हात दांड्यावर असा बसला होता की बोटांच्या पेरांवरचा ताणही दिसत होता. तिने मॉडेल फिरवलं आणि गुडघ्याजवळ थांबली. डाव्या हाताच्या जागी बोटं नव्हतीच. मनगटापासून पुढे उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखा एक ओघळ गुडघ्यावर पसरला होता.

"हललास तू."

"छे."

"हललास. पुन्हा बस."

दुसऱ्या वेळी तिने खिडकीचा पडदा ओढला, जास्तीचा दिवा लावला. हात पुन्हा वितळला. बाकी दादा पहिल्यापेक्षाही स्वच्छ आला होता, त्यामुळे ते जास्तच विचित्र दिसत होतं.

"तुझ्या यंत्राचं आणि माझ्या हाताचं जमत नाही," दादा म्हणाला. "मूठ आवळू का?"

"मूठ नको. नावाडी निवांत आहे. त्याला घाई नाही."

तिसऱ्या वेळी दादाने हात सरळ ब्लँकेटच्या आत घेतला. "नावाड्याला थंडी वाजतेय," तो म्हणाला. "नदीवर वारा असतो, माहीत आहे ना?" धाकटीला ते आवडलं. चित्रात शोभेल असं होतं ते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी दारात उभी होती, हातातलं फडकं पिळत. ते मघापासून कोरडंच होतं.

बरोबर फाइल पाठवायच्या ऐवजी चुकीची पाठवणं ही धाकटीची खासियत होती. दुसऱ्या दिवशी तिने कलाप्रमुख बाईंना ब्लँकेटमध्ये हात घेतलेलं मॉडेल म्हणून जे चित्र पाठवलं, ते पहिलंच होतं, ओघळलेल्या हाताचं. चूक लक्षात येऊन ती माफीचे दोन शब्द टाइप करत होती, तोवर बाईंचा फोनच आला.

"हा हात! हा कसा सुचला तुम्हाला?"

"अहो, ते चुकून..."

"चुकून असो की मुद्दाम, ठेवा. मला हेच हवं होतं, मला सांगता येत नव्हतं. नावेत बसलेल्या खेळाडूला नावाड्याचा चेहरा कसा धीराचा वाटला पाहिजे. आणि मग त्याची नजर हातावर जाईल आणि त्याला कळेल, हा पोचवेलच असं काही नाही."

धाकटीने फोन ठेवला तेव्हा ती स्वतःशीच हसत होती. न मागता झालेली स्तुती गोड लागतेच. पण वितळलेला हात रंगवायचा म्हणजे तो आधी समजून घ्यायला हवा. ओघळ कुठून सुरू होतो, कोणतं बोट जास्त विरघळलंय, हे उगाच अंदाजाने काढलं तर बाईंच्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणून तिने पहिल्या खेपेचे मूळ फोटो उघडले. गुडघ्याच्या उंचीवरच्या फेरीत हाताचे फोटो पुष्कळ होते. तिने हाताभोवतीची चौकट मोठी केली आणि बाणाची कळ दाबत एकामागून एक फोटो पुढे ढकलू लागली.

कळ तिने दाबूनच धरली. फोटो भराभर सरकले आणि हात जिवंत झाला.

अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत होती. पिठाची बारीकशी गोळी वळावी तशी, एका लयीत, न थांबता. पुढे, मागे, पुढे, मागे. बाकी सगळा दादा दगडासारखा स्थिर होता. चेहऱ्यावर नावाड्याचा गंभीरपणा होता, आणि तिला आता कळलं, की तो गंभीरपणा तिने मागितला म्हणून नव्हता. हाताकडे बघायचं नाही, असं ठरवून बसलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

तिने कळ सोडली. पुन्हा दाबली. हात पुन्हा गोळी वळू लागला.

ही गोळी तिने आधी पाहिली होती. बाबांच्या हातात. आधी बोटं, मग मनगट, मग मान. डॉक्टरांनी कंपवात हे नाव सांगितलं, तोवर बाबांना शर्टाची बटणं लावता येत नव्हती. तेव्हा ती लहान होती आणि बाबांच्या हातात खरंच काहीतरी आहे असं समजून तिने एकदा त्यांची मूठ उघडून बघितली होती. बाबा तिच्यावर कधी ओरडत नसत, त्या दिवशी ओरडले होते.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. खिडकीतून क्रेन दिसत होती. लांबलचक हात हळूच वळत होता आणि त्याच्या टोकाला लोखंडी सळयांचा गठ्ठा लोंबत होता. रोज दिसायचा तो देखावा. लग्न झाल्यावर सुरुवातीला ती मुद्दाम इथे उभी राहून बघायची, वर भाऊ, खाली नवरा, आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा. आज तिने पडदा ओढला आणि वहिनीला फोन लावला.

"वहिनी, दादाचा डावा हात..."

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"काय झालं हाताला?"

"तू सांग. थरथरतो तो."

"झोप होत नाही गं यांची. वय झालं आता," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तुम्ही कोणाला बोलला नाहीत ना, वन्सं?"

"अजून नाही."

"मग बोलू नका. मी आहे ना. माझं लक्ष आहे."

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा धाकटी शाळेत होती. तिला टायफॉइड झाला तेव्हा वहिनीने तिच्या उशाशी रात्री काढल्या होत्या, तिच्या लग्नात वहिनी आईच्या जागी उभी राहिली होती आणि एखाद्या आईपेक्षा जास्त रडली होती. वहिनी म्हणाली माझं लक्ष आहे, की गोष्ट तिथे संपायची. आजवर तसंच होत आलं होतं. पण या वेळी फोन ठेवल्यावर धाकटीने ते फोटो पुन्हा उघडले.

संध्याकाळी बापू आला. हेल्मेट दारामागच्या खिळ्याला अडकवलं, हातपाय धुतले आणि टॉवेलने मान पुसत तिच्या टेबलाशी आला.

"काय, झाला का तुझा नावाडी?"

तिने कळ दाबून धरली. बापूने पाहिलं. टॉवेल मानेवरच राहिला. हा कोणाचा हात, हे काय चाललंय, असं काहीच त्याने विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने तिचं बोट हलकेच कळीवरून उचललं.

"हे कोणाला दाखवलंस?"

"तुला माहीत होतं," धाकटी म्हणाली.

बापू खुर्ची ओढून बसला. "अगं, हात रिकामा असला की तसं होतं. क्रेनच्या लिव्हरवर ठेवला की थांबतो. दरवर्षी तपासणीला डॉक्टर सांगतात हात पुढे करा, तेव्हाही थांबतो. मी स्वतः बघितलंय."

"दर वेळी थांबतो?"

बापूने टॉवेलची घडी घातली. मोडली. पुन्हा घातली.

"एकदा नाही थांबला," तो म्हणाला. "सळया होत्या. फिरता फिरता झटका बसला आणि गठ्ठा स्लॅबच्या कडेला आपटला. चार-दोन सळया निसटल्या. खाली कोणी नव्हतं म्हणून बरं. वाऱ्यावर ढकललं आम्ही ते."

"आम्ही?"

"दादाने. आणि मी."

"आणि त्यानंतरही तो चढतो. आणि तू त्याला खालून खुणा करतोस."

"दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या साइटवर. डबा विसरले म्हणून. डबा दादाकडेच होता." बापू किंचित हसला, आणि ते हसू कुठे ठेवावं हे त्याला कळलं नाही. "त्या म्हणाल्या, हे सांगतात की बापू खाली असला की हात ऐकतो. इतर कोणी असलं तर मन भरकटतं, पण बापू खाली दिसला की सगळं लक्ष हातात येतं. तेव्हा तेवढं तुम्ही खाली उभे राहात जा."

"खालीच असतोस ना तू. क्रेनच्या पायाशी."

"पायाशी नाही." बापूने उजवा तळवा आपल्या डोक्यावर, जरा वर, आडवा धरला. "खाली."

धाकटी त्याच्या तळव्याकडे बघत राहिली.

लोडखाली उभं राहायचं नाही, हा साइटवरचा पहिला नियम. नवीन माणूस आला की बापू त्याला चहा पाजायच्या आधी हा नियम पाजायचा. कोणी चुकून जरी हुकाखालून गेला तरी तो अशा शिव्या द्यायचा, की त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत ऐकू यायच्या आणि धाकटीला शेजारणींसमोर लाज वाटायची.

"बाकी सगळ्यांना मी आधी लांब काढतो," बापू समजावणीच्या सुरात म्हणाला. "एकटाच असतो मी. कोणाच्या जिवाशी खेळ नाही. आणि खोटं नाही सांगत, तेव्हापासून एकदाही काही झालेलं नाही. ही इमारत पुरी झाली की उतरतो म्हणालाय तो."

"आणि तू हो म्हणालास?"

"अगं, दादा आहे तो. माझ्यावर टाकेल होय?"

हे त्याने अगदी सरळपणाने विचारलं. तिला वहिनीचा राग आला. असा राग आला, की आत्ता उठून जावं आणि तिच्या दारात उभं राहून विचारावं, तुझा नवरा वर राहावा म्हणून माझा नवरा खाली ठेवलास होय गं? पण राग नीट यायला समोरचं माणूस वाईट तरी हवं. वहिनी वाईट नव्हती. तिने घरात होतं ते सगळ्यात भरवशाचं माणूस काढून दिलं होतं, एवढंच. ते दुसरीच्या घरातलं होतं हे तिला दिसलं नसेल, किंवा दिसूनही तिने पाहिलं नसेल. धाकटीला एकदम फार भीती वाटली, आणि ती बापूला तसं म्हणालीही. बापूने तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात जड, उबदार आणि अगदी स्थिर होता.

सकाळी बापू साइटवर गेला, तसा तिने दादाला फोन लावला. तो शिडीशी पोचला असेल, चढला नसेल, असा तिचा अंदाज होता.

"दादा, उतर."

"अगं, अजून चढतोय कुठे?"

"हात पाहिला मी तुझा."

पलीकडे काँक्रीट कालवायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. दादा बाजूला गेला असावा, कारण ती हळूहळू कमी झाली.

"बाबांसारखाच आहे ना?" दादा म्हणाला. कोणी बाळाचं नाक कोणावर गेलंय ते विचारावं, तशा आवाजात.

"तुला कळतंय ना मग? डॉक्टरकडे जा. सुट्टी घे. काहीही कर."

"बाबांना सुट्टीच दिली होती आपण. विश्रांती घ्या म्हणालो, खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीतून ते उठले का पुन्हा?" तो जरा थांबला. "मी वर असतो तेव्हा हात माझा असतो गं. घरी बसलो की तो त्याचा. जेवताना, टीव्ही बघताना, तुझ्या त्या स्टुलावर. मला वर काही होत नाही. मला खाली होतं."

"खाली बापू असतो, दादा."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"मी उतरलो तर दुसरा कोणी चढेल. हात चांगले असतील त्याचे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला बापू म्हणजे काय? एक हेल्मेट. सिगारेट आठवेल त्याला, बायकोशी झालेलं भांडण आठवेल. मला एवढ्या उंचीवरून बापू दिसत नाही. मला तू दिसतेस. आता सांग, कोण जास्त जपेल?"

धाकटीने तोंडावर हात धरला. स्टुलावरचं ते 'छे' सोडलं तर तिच्या भावाने तिला आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, आणि आत्ताही तो सांगत नव्हता. तेच फार भयंकर होतं. त्याच्या मायेत कुठे खोट नव्हती, आणि ती माया तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर टांगलेली होती.

"रडू नकोस," दादा म्हणाला. "या रविवारी तुम्ही या आमच्याकडे. चल, हाक आली मला."

नंतर बराच वेळ ती संगणकासमोर बसली होती. नावाडी स्क्रीनवर संथ फिरत होता, कलाप्रमुख बाईंचा नवा निरोप येऊन पडला होता, आणि तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. दादा घरी बसला तर काय होईल ते ती बघू शकत होती. तो बसेल, हात चालू राहील, वहिनी अर्ध्या कपाचा पाव कप करेल, आणि कधीतरी दादा या बहिणीकडे बघेल तेव्हा त्याच्या नजरेत एकच गोष्ट असेल, की तू मला उतरवलंस. ते तिला सहन होणार नव्हतं. आणि दुसरं जे होऊ शकत होतं, ते तिला मनात आणताही येत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, पडदा बाजूला सारला आणि फोन उचलला. साइटच्या सेफ्टी ऑफिसरचा नंबर अडीअडचणीला असावा म्हणून बापूनेच तिला देऊन ठेवला होता.

"बोला," ऑफिसर म्हणाला. त्याच्या तोंडात काहीतरी होतं, नाश्ता चालला असावा.

"मी बापूंची बायको बोलतेय. क्रेनबद्दल सांगायचं होतं."

"कोणत्या? आपल्याकडे दोन आहेत."

"पूर्वेकडची. ती चालवणारे..." तिची नजर खिडकीबाहेर गेली. "मी काही सांगितलं तर तुम्ही काय कराल?"

"म्हणजे काय? धोक्याचं असेल तर ताबडतोब वॉकीटॉकीवर सांगून काम थांबवणार. काय झालंय?"

खिडकीबाहेर क्रेनचा हात वळायला लागला होता. हुकाला काँक्रीटची एक अख्खी तयार भिंत होती, खिडकीच्या चौकटीसकट. ती जमिनीवरून उचलली गेली, जराशी गिरकी घेऊन सावरली आणि वर निघाली. खाली पिवळ्या हेल्मेटचे ठिपके पांगले. एक ठिपका उलट दिशेने चालत मध्ये आला. थांबला. त्याने हात वर केला.

वॉकीटॉकीवर काही बोललं, की ते वर केबिनमध्येही ऐकू जातं. ऑफिसर नाव घेईल, काम थांबवा म्हणेल, आणि दादाला कळेल. आत्ता, या क्षणी, भिंत हुकाला असताना कळेल.

"हॅलो?" ऑफिसर म्हणाला. "बोला ना, काय झालंय?"

"थांबा," धाकटी म्हणाली. "आत्ता नको. ती खाली टेकू द्या."

"काय टेकू द्यायचं?"

"ती भिंत. ती टेकली की सांगते."

"अहो ताई," ऑफिसर वैतागून हसला, "इथे दिवसभर काही ना काही वरच असतं. तुम्ही बोला."

भिंत आता बरोबर ठिपक्याच्या वर आली होती आणि तिची सावली त्याच्यावर पडल्यामुळे हेल्मेटचा पिवळा रंग दिसेनासा झाला होता. धाकटीने दुसऱ्या हाताने खिडकीची कड धरली.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. "टेकू द्या."